स्टेशन किती लांब?

मी केलेल्या प्रत्येक वेबसाइटवर शेवटी एक पान असतं आणि त्या पानाचं नाव असतं 'नाय'. गिऱ्हाईक नवं असलं की ह्या पानावरून आमचं हटकून वाजतं. परवाच लग्नाचा हॉल चालवणारे एक गृहस्थ तावातावाने म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे लिफ्ट नाही हे मी स्वतःहून जगाला सांगत सुटू?" मी म्हटलं, "सांगा. नाहीतर नवरीची आजी जिन्यात बसून सांगेल." पान झालं.

हे उत्तर माझं नाही, चोरलेलं आहे. ज्यांच्याकडून चोरलं त्यांच्याविषयी लिहायला बसलेय आणि आधीच सांगून ठेवते, मी नम्र वगैरे राहणार नाही. असा माणूस ज्याला शिकवायला मिळाला त्याने थोडं मिरवलं तर बिघडलं कुठे?

पनवेलात सगळे त्यांना कंट्रोलर म्हणायचे. बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसून, कुठली गाडी किती वाजता आणि कुठल्या फलाटावर, हे सांगण्यात त्यांची पंचवीस-तीस वर्षं गेली होती. मग नोकरी मुदतीआधीच सोडली. मुलीने कम्प्युटर घेऊन दिला होता, तो नुसता बघत बसवेना, म्हणून पन्नाशी उलटलेला हा माणूस अठरा-अठरा वर्षांच्या पोरापोरींबरोबर क्लासला बसला आणि वेबसाइट करायला शिकला. स्टँडसमोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, रसवंतीच्या बरोबर डोक्यावर त्यांनी गाळा घेतला. खालून दिवसभर चरकाच्या घुंगरांचा आवाज यायचा. वर पाटी लावली, तिच्यावर ठळक अक्षरांत एकच शब्द, 'चौकशी'. खाली बारीक अक्षरांत 'वेबसाइट करून मिळेल'.

त्यामुळे व्हायचं काय, तर रोज पाचपन्नास माणसं जिना चढून अलिबागची गाडी विचारायला यायची. कंट्रोलर मान वर न करता सांगायचे, "सव्वातीन. फलाट चार. पळा." आणि गाडी खरोखर सव्वातीनला चारवर असायची. पाटी बदला म्हणून मी कितीदा सांगितलं. "का? माणसं येतायत ना?" म्हणायचे.

खुर्चीसमोर त्यांनी काच बसवून घेतली होती, आणि काचेला खाली, टेबलाला लागून, अर्धगोल भोक. अगदी स्टँडवर असतं तसंच. वेबसाइट करायला आलेल्या माणसाने ह्या भोकापाशी वाकून बोलायचं. भले भले वाकायचे. मी एकदा म्हटलं, अहो, माणसाला खुर्ची तरी द्या. तर म्हणाले, "बसला की गप्पा मारतो. वाकला की मुद्द्याचं बोलतो."

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. कर्जतहून आलेला तो कर्जत, पेणहून आलेली ती पेण. मी गव्हाणची, म्हणून मी गव्हाण. "गव्हाण, चहा सांग." "गव्हाण, पेण आलीय, वही काढ."

ह्या वहीचं सांगायलाच हवं. त्या काळी, म्हणजे दोन हजार सात-आठच्या सुमाराला, वेबसाइट काढायला आलेला माणूस पिशवीत काय घेऊन यायचा? वडिलांचा हार घातलेला फोटो, उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याचा फोटो आणि दुकानाचा इतिहास. वर मागणी, "उघडल्या उघडल्या गणपती गोल फिरला पाहिजे आणि मागे सनई." कंट्रोलर मान तिरकी करून, उजवा कान भोकाला लावून सगळं ऐकून घ्यायचे. मग ड्रॉवरमधून शंभर पानी वही काढायचे, सुतळीने पेन बांधलेली, आणि भोकातून बाहेर सरकवायचे.

"आठ दिवस लोक तुम्हाला काय काय विचारतात ते ह्यात लिहा. उत्तरं नकोत. नुसते प्रश्न."

"अहो, पण आमची माहिती..."

"तुमची माहिती तुम्हाला आहेच की. खिडकीशी आलेल्या माणसाला खात्याचा इतिहास नको असतो. पेणची गाडी गेली का, एवढंच हवं असतं."

निम्मी माणसं वही घेऊन जायची ती पुन्हा तोंड दाखवायची नाहीत. पण जी परत यायची त्यांची साइट अशी व्हायची की बघत राहावं. एक लहान मुलांचे डॉक्टर होते. त्यांच्या वहीत दीडेकशे प्रश्न आणि त्यातले शंभर एकच, "डॉक्टर आलेत का?" कंट्रोलरनी पहिल्या पानावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'डॉक्टर आलेले आहेत'. नाहीतर 'डॉक्टर अजून आलेले नाहीत'. दवाखान्यातल्या बाईंनी फक्त एक बटण दाबायचं. डॉक्टर भडकले. "माझी डिग्री कुठेय?"

"आहे की, खाली. तापलेलं लेकरू मांडीवर असलेली आई डिग्री वाचत नाही."

महिन्याभराने डॉक्टर पुन्हा आले आणि भोकापाशी वाकून हळूच म्हणाले, "ते बटण जरा काढता येईल का? घरबसल्या बायकोलाही कळायला लागलंय." कंट्रोलर म्हणाले, "नाही." डॉक्टर त्यानंतर वेळेवर यायला लागले, असं अख्खं पनवेल सांगतं.

आणि शेवटचं पान. ते तेव्हा 'नाही'चं पान होतं. आमच्याकडे काय काय नाही, ते सगळं तिथे लिहायचं. एक्स-रे नाही. रविवारी दुपारी नाही. गाडी लावायला जागा नाही. गिऱ्हाईक चिडलं की कंट्रोलर म्हणायचे, "चौकशीतली निम्मी उत्तरं 'नाही'चीच असतात. नाही कळलं की माणूस दुसरी सोय बघतो. न सांगणारा त्याचा दिवस खातो."

'नाही'चं 'नाय' झालं ते माझ्या आत्यापायी. गव्हाणच्या बायकांनी गट करून सुकी मासळी विकायला काढली होती, आत्या त्यांची म्होरकी. तिला लिहिता येत नाही, म्हणून मी आठ दिवस तिच्या शेजारी बसून वही भरली. शेवटचं पान करताना कंट्रोलरनी विचारलं, "गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं असलं की आत्या काय म्हणते?"

मी लाजले. "म्हणते, नाय रं दादा."

"मग तेच लिही."

मला घाम फुटला. आमी घरात हाय-नाय बोलणारी माणसं. पण पनवेलला कॉलेजात आल्यापासून मी जिभेला अशी इस्त्री फिरवली होती की कोणाला पत्ता लागू नये. आणि आता तेच कम्प्युटरवर, जगासमोर? पण ते ऐकेनात. का ऐकेनात ते मला तोवर कळलेलं होतं, तुम्हालाही पुढे कळेल. पान झालं. 'नाय. पावसात बोंबील नाय. घरपोच नाय. भाव कमी नाय.' आत्याने माझ्याकडून वाचून घेतलं आणि पदर तोंडाला लावून अशी हसली म्हणता! मुंबईच्या बायका फोन करून आधी "भाव कमी नाय ना?" विचारायच्या आणि मग मासळी मागवायच्या.

पण हे सगळं नंतरचं. त्याच्या आधी, कामाला लागून तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, मी ह्या ऑफिसातून जवळजवळ गेलेच होते.

झालं असं. ऑफिसात कम्प्युटर एकच होता. कंट्रोलर उठले की मी बसायची, एरवी स्टुलावर. तीन महिने बघू, एवढ्या बोलीवर त्यांनी मला ठेवलेलं. मग करंजाड्याच्या शेठचं काम आलं. शेठ आमच्याच बाजूचे, जमीनदाराचे बिल्डर झालेले. करंजाडे तेव्हा नवीन नवीन वसत होतं, त्यांची मोठी इमारत तिथे उभी राहत होती. कंट्रोलर म्हणाले, "गव्हाण, हे काम पार पडलं की दुसरा कम्प्युटर. आणि तू कायम."

त्या दिवशी मी घरी जाऊन काय सांगितलं असेल? "आई, मी कायम झाले!" आमच्या घरात तोवर खुर्चीवर बसून कोणी काम केलं नव्हतं. आईने अख्ख्या आळीत पेढे वाटले. थांब, अजून व्हायचंय, असं म्हणायला मला तोंडच राहिलं नाही.

शेठची वही आली. पानापानावर एकच प्रश्न, "स्टेशन किती लांब?"

"पाच मिन्टं," शेठ भोकापाशी वाकून म्हणाले.

"कशाने?"

"कशाने म्हंजे? पाच मिन्टं म्हंजे पाच मिन्टं."

कंट्रोलर उठले. कोपऱ्यातली कापडी पिशवी घेतली, मंडईतून दोन किलो बटाटे भरून घेतले आणि मला म्हणाले, चल. पनवेल स्टेशनातून बाहेर पडल्यावर त्यांनी घड्याळ बघितलं आणि आम्ही चालायला लागलो. मी म्हटलं, पिशवी कशाला? म्हणाले, "संसारी माणूस स्टेशनातून मोकळ्या हाताने घरी जातो का कधी?" वाटेत एकदा त्यांनी पिशवीचा हात बदलला, तोही वेळ धरला. शेठच्या फाटकाला हात लावला तेव्हा बरोबर चोवीस मिनिटं झाली होती.

शेठ कळवळून म्हणाले, "आवो कंट्रोलर, सगलेच पाच लिवतात! आमीच चोवीस लिवलं तं बघायला तरी कोन येईल? आमी काय कुनाचं घोडं मारलंय?"

खोटं कशाला बोलू, मला शेठचं पटलं होतं. पण कंट्रोलरनी चोवीसच लिहिलं. 'स्टेशनापासून चालत चोवीस मिनिटं, हातात पिशवी धरून.' आणि सगळ्यात खाली, आमच्या प्रत्येक साइटवर असायची ती ओळ, 'इथलं काही चुकीचं निघालं तर ह्या नंबरवर ओरडा', आणि आमच्या ऑफिसचा फोन.

शनिवारी साइट सुरू झाली आणि कंट्रोलर दोन दिवसांसाठी मुलीकडे नाशिकला गेले. दुपारी शेठच्या मुलाचा फोन आला. मुलगा गोड बोलणारा. "ताई, बाबा फार नाराज आहेत हो. काम दुसरीकडे देऊ म्हणतायत. एक आकडा तर आहे. चोवीसच्या जागी पाच. कंट्रोलरांना कोण सांगणार आहे?"

पासवर्ड माझ्याकडे होता. माझ्या डोळ्यांपुढे दुसरा कम्प्युटर आला, माझी खुर्ची आली, आईचे पेढे आले. काम गेलं तर आईला काय सांगणार होते मी? चोवीस खोडायला आणि पाच लिहायला किती वेळ लागतो? तेवढाच लागला.

रविवारी सुट्टी, तरी मी मुद्दाम ऑफिसात आले, साइट किती जणांनी बघितली तो आकडा बघायला. दुपारी बारा-साडेबाराला फोन वाजला. आवाज वयस्कर, शाळेतल्या मास्तरांसारखा स्वच्छ.

"अहो, आम्ही ठाण्याहून घर बघायला आलोय. पाच मिनिटं लिहिलंय म्हणून रिक्षा केली नाही. पंधरा मिनिटं चालतोय. आमच्या मंडळींचा गुडघा धरलाय, त्या ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसल्यात. ऊन मरणाचं आहे. अजून किती लांब आहे, तेवढं सांगता?"

"आलंच की, हे काय समोर," असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण समोर ती काच, ते भोक, आणि पलीकडून एक माणूस विचारतोय, अजून किती? तोंडातून निघालं ते असं निघालं:

"अजून दहा मिन्टं हायत. पाच नाय, चोवीस हायत. चूक माझी हाय, मीच लिवलंय. तुमी उठू नका, मी येते."

कुठली इस्त्री आणि कुठलं काय! खालच्या रसवंतीतून मोठी बाटली भरून रस घेतला, रिक्षा केली आणि गेले. ते खरोखरच गुरुजी निघाले, छत्रीने बाईंवर सावली धरून उभे होते. मी त्यांना रिक्षात घातलं, घर दाखवलं, परत स्टेशनवर सोडलं. बाई मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "घर छान आहे गं. पण माझा गुडघा नाही म्हणतोय." मी रिक्षातच रडले. ऑफिसात येऊन पाच खोडून पुन्हा चोवीस लिहिलं आणि संध्याकाळी शेठच्या मुलाचे तीन फोन आले, ते उचलले नाहीत.

सोमवारी मी रात्रभर घोकलेलं सगळं सांगायला म्हणून जिना चढले, तर कंट्रोलर आधीच फोनवर होते. मान तिरकी, उजवा कान पुढे. "हो. हो गुरुजी. बरं झालं सांगितलंत." फोन ठेवला. मी उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. शेठचा मुलगा, आकडा, आईचे पेढेसुद्धा. त्यांनी ऐकलं, पिशवी उचलली आणि म्हणाले, "चल."

पुन्हा तोच रस्ता, तेच दोन किलो बटाटे. आज पिशवी माझ्या हातात. मोरीपाशी आल्यावर ते कठड्यावर बसले. मला वाटलं, आता सांगतायत, उद्यापासून येऊ नकोस.

म्हणाले, "मी खिडकीत नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एक बाई आली, डोक्यावर ताज्या मासळीची टोपली. दुपारच्या गाडीने बाजाराला जायचं होतं. त्या वारी ती गाडी नसायची. मला नक्की माहीत नव्हतं, आणि तिच्या तोंडावर नाही म्हणवेना. म्हटलं, आहे, बसा. दोन तास ती उन्हात बसली. दोनदा येऊन विचारलं. दोन्ही वेळा मी म्हणालो, गाडी लेट आहे. तोवर मला कळलं होतं, गाडी नाहीच. तरी म्हणालो."

"मग?"

"मग काय. मासळी गेली. मला वाटलं, आता शिव्या देईल, टोपली खिडकीत ओतेल. ती वाकली आणि एवढंच म्हणाली, 'नाय म्हनायचं व्हतं ना रं दादा.' आणि चालत गेली."

रस्त्यावरून दोन डंपर गेले. कंट्रोलरनी रुमालाने घड्याळाची काच पुसली. मग म्हणाले, "तू काल फोनवर काय म्हणालीस, ते गुरुजींनी मला शब्दन्‌शब्द सांगितलं. हाय-नायसकट. मला जे दोनदा विचारून जमलं नाही, ते तू एकदाच विचारल्यावर केलंस." उठले आणि चालायला लागले. त्यावर पुन्हा कधी एक अक्षर बोलले नाहीत.

दुपारी शेठ आले. वाकलेच नाहीत, काचेवरूनच बोलले. पाच लिहा, नाहीतर काम चाललं. कंट्रोलर म्हणाले, "जाऊ द्या." काम वाशीच्या कुठल्याशा कंपनीकडे गेलं. पुढे ती साइट मी बघितली. पडद्यावर आगगाडी धावत यायची आणि धुरातून अक्षरं निघायची, 'स्टेशनपासून फक्त ५ मिनिटं!'

काम गेलं म्हणजे दुसरा कम्प्युटर गेला. म्हणजे मीही गेले, हे न समजण्याइतकी मी खुळी नव्हते. त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं असेल, पण बसवणार कुठे? मी माझा चहाचा कप आणि पेन पिशवीत टाकून घरी गेले आणि आईसमोर दोन दिवस ताप आल्याचं सोंग केलं. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "गव्हाण, कुठेयस? गाडी लागलीय."

गेले, तर ऑफिसभर काचेचा चुरा. काचवाला गुडघ्यावर बसून त्यांच्या त्या लाडक्या काचेला दुसरं भोक पाडत होता. पहिल्याच्या शेजारी, हातभर अंतरावर. आतल्या बाजूला त्यांनी टेबल मधोमध आणून ठेवलं होतं आणि कम्प्युटर दोन्ही भोकांच्या बरोबर मध्ये, कोणालाही वळवून घेता येईल असा. सकाळी तुझा, दुपारी माझा, म्हणाले. आणि दुसऱ्या भोकामागे खुर्ची. स्टूल नव्हे, खुर्ची.

"बस."

मी बसले. मग हा माणूस, ज्याच्यापुढे डॉक्टर, वकील, शेठ सगळे वाकत आले, तो दार उघडून काचेच्या पलीकडे गेला. दुखरी कंबर धरून माझ्या भोकापाशी वाकला. आणि अगदी परक्या माणसासारखं विचारलं, "बाई, करंजाड्याहून स्टेशन किती लांब?"

"चोवीस मिनिटं," मी म्हटलं. "हातात पिशवी धरून."

"सगळीकडे तर पाच लिहिलंय. पाचात होणार नाही?"

"नाय," मी म्हटलं. न घाबरता, इस्त्री न करता.

ते सरळ उभे राहिले आणि स्टँडवरच्या त्या जुन्या खणखणीत आवाजात, मोकळ्या ऑफिसात, त्यांनी घोषणा केली, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. खिडकी नंबर दोन सुरू झालेली आहे." ऐकायला मी आणि काचवाला. पण रसवंतीवाला आजही शपथेवर सांगतो, त्याने खाली चरक थांबवून ऐकली म्हणून.

आता ते नाशिकला मुलीकडे असतात. ऐकू कमी येतं, तरी फोनवर माझ्या नव्या साइटचा पत्ता विचारून घेतात आणि पहिलं शेवटचंच पान उघडतात.

खिडकी नंबर दोन सुरू झाली त्या संध्याकाळी मी घरी आले आणि आईला म्हटलं, "आये, पेढे वाट."

ती म्हणाली, "आनि कसले? वाटले की गं तवाच."

"ते खोटे व्हते," मी म्हटलं. "आता खरे वाट."